काजळ्याची सहा झुडपं

“झार बगाला आलेन का उपटाला?” बांधावर बसलेली एक बाई दुसरीला म्हणाली आणि दोघी हसल्या. झाडं बघायला आलेत की उपटायला, हे मी ऐकलं, पण मान खाली घालून चिखलात उतरले. उत्तर द्यायची मला सवयच नव्हती.

बॉटनीच्या शेवटच्या वर्षाची आमची सहल उरणच्या रस्त्यालगतच्या खाडीवर गेली होती. सरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, की भरतीचं खारं पाणी आणि ओढ्याचं गोडं पाणी मिसळतं तिथेच काजळा, एक खारफुटीचं झुडूप, वाढतो. नव्या शहरासाठी मुरूम टाकून खाजणं बुजवली, त्यामुळे आपल्या भागात तो आता या एकाच बांधाखाली उरलाय. आम्ही वहीत उतरवून घेतलं होतं. बांधाखाली कमरेएवढी सहा झुडपं होती. पांढरी फुलं, वाकड्या शिंगांसारखी फळं, पानांवर मिठाचे कण.

“फूल, फळ दोन्ही हवं. रोप मिळालं तर मुळासकट घ्या,” सर म्हणाले. हर्बेरियमच्या, म्हणजे दाबून वाळवलेला नमुना चिकटवायच्या, प्रत्येक शीटला मार्क होते आणि आम्ही अठ्ठावीस जण होतो. कुणी फांद्या पिळून तोडल्या, कुणी स्पेअर म्हणून आणखी दोन घेतल्या. शेवटचं रोप मैत्रिणीच्या आधी हात घालून मीच उपटलं. परतताना नको असलेल्या फांद्या बसमध्ये सीटखाली चपलांनी तुडवल्या जात होत्या. एकाने वडापावचे तेलकट हात त्याच पानांना पुसले.

घरी रोप वर्तमानपत्रात घालून गादीखाली दाबलं. चार दिवसांत बुरशी धरली, आंबूस वास सुटला. मी त्याच गादीवर झोपायचे. कागद बदलून साबणाने हात धुतले तरी जेवताना बोटांना तो वास यायचा.

परीक्षेआधी एकटीच एसटीने तिथे गेले. बांधावर तीच बाई होती. तुमच्यामागे दुसऱ्या कॉलेजची गाडीही येऊन गेली, म्हणाली. मुरूम तिथवर पोचलाच नव्हता. खाली सालं निघालेले सहा वाळके खुंट होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी माझी शीट उचलली, नीटनेटकी आहे म्हणाल्या आणि इंग्रजीत विचारलं, हे कुठे सापडतं? शेजारी सर बसले होते. दुर्मीळ, भरावामुळे धोक्यात, हे उत्तर मला पाठ होतं. पण तोंडून मराठी आलं.

“आता कुठेच नाही, मॅडम. सहा होती. मार्कांसाठी आम्हीच संपवली.”