ओठांवरचा पिक्चर

भुताच्या पिक्चरबद्दल माझं पहिल्यापासून एकच म्हणणं आहे. भिंतीवर बटण आहे, वर दिवा आहे, मग ती बाई मेणबत्ती हातात धरून जिना कशाला चढते? आमच्या वडगावात असं कुणी केलं तर भूत राहिलं बाजूला, शेजारीणच आधी विचारील, "करंट गेलाय काय गं तुमच्यात?" मारधाडीच्या पिक्चरमधले गुंड रेशनच्या रांगेसारखे एकामागोमाग एक मार खायला का येतात, सगळे मिळून का येत नाहीत, हेही मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. आणि रडक्या घरगुती पिक्चरमधली गरीब विधवा! दुसऱ्याची भांडी घासते, पण अंगावर अस्सल रेशीम. आम्ही साड्या विणणारी माणसं. पडद्यावर बाई आली की आमची नजर आधी काठावर जाते, मग तिच्या तोंडावर. एखादी राणी खोट्या जरीची, आमच्यासारख्यांच्या यंत्रमागावरची साडी नेसून लढाईला निघाली की तिच्या शौर्यावरचा माझा विश्वास तिथंच उडतो.

ही मतं ऐकणारं माणूस जगात एकच. माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणते, ती मला धाकटी. पण "ऐकणारं" म्हणणंही तितकंसं खरं नाही. आक्काला ऐकू येत नाही.

आमच्या घरामागच्या शेडात यंत्रमाग होते. ते सुरू झाले की शेजारच्या माणसाचं बोलणं सोडा, स्वतःचं खोकणंही ऐकू येत नसे. त्यामुळे शेडात काम करणाऱ्या सगळ्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ सावकाश आणि नीट हलवायचे. दोन मागांच्या पलीकडून आज आमटीत काय टाकलंस इथपासून सासूबद्दलच्या गाऱ्हाण्यापर्यंत सगळं कळायचं, आणि सासू मध्ये उभी असली तरी तिला कळायचं नाही, कारण ती मागावर कधी बसली नव्हती. पुढं माग विकले, शेडात भाडेकरू आला, पण आक्काचे कान तोवर त्या खडखडाटात गेले होते. ओठ वाचायची सवय तेवढी राहिली.

पिक्चर सांगायचं सुरू झालं ते शेडातच. आठवड्यातून एकदा करंट बंद असायचा, म्हणजे मागाला सुट्टी. पण घरात सासू, आक्काची लहान पोरं, दुपारचं राबणं. दोघींना एका वेळी बाहेर सोडणार कोण? मग धाकटी म्हणून मी टॉकीजला जायची, आणि दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले की कांड्यांवर सूत भरता भरता आक्काला अख्खा पिक्चर ओठांनी सांगायची. मी पिक्चर पडद्यावर बघायची, ती माझ्या तोंडावर.

त्या वयातली मी आज मला रस्त्यात कुठं भेटली तर मी फूटपाथ बदलीन. केसात आबोलीचा गजरा, ओठ मुडपून बोलणं, आणि पिक्चर बघून आलं की आठवडाभर नायिकेची चाल. एकदा प्रेमाचा पिक्चर बघून शेडात अशी काही वळले की पदर मागाच्या पट्ट्यात गेला. माग बंद करायला आक्का धावली म्हणून गळा वाचला, पदर गेला. त्यावर मी रडले, ती पदरासाठी. नायिकेसारखी, एका डोळ्यातून पाणी काढायचा प्रयत्न करत. दुसऱ्या डोळ्यानं कुणी बघतंय का ते बघत होते.

तर अशी ही बाई पिक्चर सांगायची. आणि सांगताना बदलायची. नायक मेला तर मी त्याला हातातली कांडी भरून होईपर्यंत जिवंत ठेवायची. पौराणिकात शाप दिला की लगेच उःशाप द्यायची. तमाशाच्या पिक्चरमधल्या नाचणाऱ्या बाईचं शेवटी लग्न लावून द्यायची, तेही पाटलाशी. मला कधी शेवट आवडायचा नाही, कधी आठवायचा नाही, आणि कधी घरी वेळेत पोचायला म्हणून मी शेवटच्या मारामारीआधीच उठलेली असायची. आक्का सगळं खरं मानायची. मला वाटायचं, काय हुशार मी.

ती सवय सुटली नाही. आता दर रविवारी दुपारी आम्ही दोघी टीव्हीसमोर बसतो. पिक्चर कुठलाही असतो, साऊथचा हिंदीत आणलेला, कन्नडातला, कधी मराठी. नटांचे ओठ आक्काला लागत नाहीत. ते वळतात, पाठमोरे होतात, आणि त्यांचं तोंड एक बोलतं, आवाज दुसरा. म्हणून ती पडद्याकडं कमी आणि माझ्याकडं जास्त बघते. "काय म्हणाला गं?" आणि मी सांगते. नायक म्हणत असतो, मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही. मी सांगते, विचारतोय, जेवलीस का. आक्का खूश होते. "चांगलं पोरगं हाय," म्हणते. आता सांगा, यात कुणाचं काय गेलं?

गेलं ते असं.

मागच्या वर्षी एका रविवारी पिक्चर चालू असताना आक्काचा मुलगा आत आला. शहरात ऑफिसात आहे, स्वभावानं चांगला, पण मिशीतून बोलतो आणि बोलताना नजर मोबाईलवर. त्याचे ओठ आक्कालाच काय, त्याच्या बायकोलाही वाचता येणार नाहीत. तो मला म्हणाला, "काकू, आईला जरा नीट सांगा. कानाचं मशीन आता शेंगदाण्याएवढं मिळतंय. दुखत न्हाय, खुपत न्हाय. आधी घालून बघायला देतात, न्हाय पटलं तर परत. तुमचं ती ऐकंल."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणतंय गं ते?"

पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी ओरडत होतं. माझे ओठ आधीच चालू होते, गिरणीच्या पट्ट्यासारखे. मी आवाज न काढता म्हटलं, "म्हणतोय, कानाचं मशीन घालायचं. पण डोकं लई भणभणतं म्हणं. लई तरास होतो. तुला झेपत असंल तर बघ."

आक्का हसली आणि तसंच ओठांनी म्हणाली, "मला काय करायचंय मशीन? धाकटी हाय की सांगाय."

"काय म्हणाली, काकू?"

"न्हाय म्हणती बाबा. नको वाटतंय तिला."

तो गेला. आम्ही पिक्चर पुढं बघितला.

मी हे असं का केलं, ते तेव्हा मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. कळलं होतं. आक्काला ऐकू यायला लागलं की रविवार संपला. माझं सांगणं संपलं. शिवाय माझं सगळं उघडं पडणार. नायक खरं काय बोलतात ते तिला पहिल्याच रविवारी कळणार. म्हणून तिच्या कानांचा मी पिक्चर करून टाकला, मला हवा तसा. चहा पिताना मला हे आठवायचं. मग मी तिला बिस्कीट जास्त द्यायची. तेवढ्यानं काय होतंय.

त्यानंतर माझ्या नातीनं आम्हाला पिक्चरला नेलं. ती कॉलेजात आहे. "दोघी आज्ज्या चला," म्हणाली, "लई हसवतो म्हणं हा पिक्चर." नवं थेटर, कोचासारख्या खुर्च्या, थंडी एवढी की मी पदर कानावरून घेतला. दिवे गेले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आक्का आणि मी आयुष्यात कधी एकत्र पिक्चरला गेलेलोच नव्हतो. एकीला घरी थांबावंच लागायचं. आणि ती एक नेहमी आक्काच.

पिक्चर सुरू झाला. आक्कानं माझ्याकडं तोंड वळवलं. मी ओठ हलवले. तिनं मान आणखी जवळ आणली. मी पुन्हा हलवले. अंधारात तिला काहीच दिसत नव्हतं. तिनं हळूच माझ्या हनुवटीला बोट लावून बघितलं, आंधळी माणसं बघतात तसं, आणि मग बोट काढून घेतलं.

तिथून पुढं समोरच्यांचे खांदे हसून हलले की ती माझ्याकडं बघायची. पडद्याचा उजेड आला तर मी हसतेय का तेवढं तिला दिसायचं. मी हसत असले तर ती हसायची. सगळ्यांचं हसून झाल्यावर एकटीच. पुढच्या खुर्चीवरच्या पोरीनं एकदा मागं वळून बघितलं. मी हसायचं बंद केलं. मग आक्कानंपण हसू आवरलं आणि हात मांडीवर घेतले, पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखे. विनोदी पिक्चरबद्दल माझं मत विचाराल तर मला तो आठवतच नाही.

मध्यंतरात दिवे लागले. नात मक्याच्या लाह्या आणायला गेली. आक्का लगेच म्हणाली, "सांग की गं. काय झालं आत्तापतोर?"

आयुष्यभर मी पदरचं घालून सांगत आले होते. मी म्हटलं, "काय विशेष न्हाय."

"मग माणसं येवढी का हसालीत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मेथी निवडत बसलो होतो. मी तिच्या गुडघ्याला हात लावला, म्हणजे तिनं वर बघावं, आणि आवाज न काढता सांगितलं. मशीनचं. तिचा मुलगा खरं काय म्हणाला ते, शेंगदाण्यासकट.

तिनं विचारलं, "डोकं भणभणत न्हाय?"

"न्हाय."

"आणि तरास?"

"तसलं काय तो म्हणालाच न्हाय. ते मी घातलं."

तिनं दोन काड्या निवडल्या. मग तिचं डोकं बरोबर जिथं जायला नको तिथं गेलं. "आणि पिक्चरमधी?"

"पिक्चरमधी बी."

"कंच्या?"

"सगळ्याच."

"ती सासू शेवटाला सुनेचा हात धरून माफ कर म्हणती, ते?"

तो पिक्चर मी शेडात सांगितला होता, आमची सासू तिथंच उभी असताना. आक्का तेव्हा डोळे पुसत होती आणि सासूला वाटलं होतं की कापसाची धूळ गेली. "ते न्हाय म्हणत ती," मी म्हटलं. "ते मी म्हणायला लावलं."

आक्कानं माझ्या तोंडावरची नजर काढली. "म्हणजे तसलं काय पिक्चरमधी बी न्हाय," म्हणाली, आणि मेथी तशीच टाकून उठली.

ऐकू न येणाऱ्या माणसाचं रुसणं सोपं असतं. मान वळवली की झालं. आक्का रोज शेजारी बसायची, मी केलेला चहा प्यायची, पण माझ्या तोंडाकडं बघायची नाही. मी ओरडून बोलून बघितलं, हातवारे केले, समोर जाऊन उभी राहिले तर ती माझ्या साडीचा काठ बघायची. रविवारी टीव्ही लागला. ती पडद्याकडं बघत बसली, एकटीच, काही न कळता. पूर्ण पिक्चर. मी शेजारी माझे ओठ घेऊन बसले, त्यांचं काय करायचं ते कळेना.

पुतण्याला मी सगळं सांगितलं. तो नुसता "काकू" म्हणाला, आणि ते मात्र त्याच्या मिशीतून अगदी स्पष्ट आलं.

आक्काला मशीन बसलं. पहिले काही दिवस तिनं घरात कुणाला भांडं आपटू दिलं नाही. कुकरच्या शिट्टीला ती माझ्याकडं बघून कपाळाला आठ्या घालायची, जणू ती शिट्टी मीच. पण बघायची. ती माझ्याकडं पुन्हा बघायला लागली ती अशी. एका सकाळी मी नातीवर ओरडत होते, तर आक्का दारात येऊन उभी राहिली.

"तुझा आवाज असला झालाय व्हय?"

"असला म्हणजे कसला?"

"चिरका. माझ्या ध्यानात हाय तो गोड हुता."

मी नुसत्या ओठांनी म्हटलं, "हाय तसला हाय." आवाज काढला असता तर चिरकंच आलं असतं.

आता रविवारी ती पिक्चर स्वतः ऐकते. तिची मतं माझ्यापेक्षा कडक निघाली. प्रेमाच्या पिक्चरमधली माणसं फार बोलतात. मारधाडीचा आवाज शेडापेक्षा वाईट. आणि नायक कुणीच कुणाला जेवलीस का विचारत नाही, हे तिला सगळ्यात वाईट वाटतं. पिक्चर चालू असताना ती मधूनच मान वळवून विचारते, "ह्यो खरंच असंच म्हणाला काय?" स्वतः ऐकलेलं असतं, तरी विचारते. मी "व्हय" म्हणते. ती मान हलवते, विश्वास बसल्यासारखी नाही, नोंद केल्यासारखी.

परवा नातीनं पुन्हा थेटरला नेलं. रडका पिक्चर होता. शेवटाला म्हातारा बाप रेल्वेच्या बाकावर बसून मुलाला फोनवर म्हणतो, तू येऊ नकोस, मी बरा आहे. सगळा हॉल शांत. तेवढ्यात आक्काचा आवाज. मशीन लागल्यापासून हळू बोलायचं म्हणजे किती हळू, हे तिला अजून जमलेलं नाही.

"धाकटे, येऊ नको म्हणाला काय गं? खरंच?"

पुढच्या रांगेतून कुणीतरी शूः केलं.

"खरंच," मी कुजबुजले.

"शपथ घे."

"तुझी शपथ, आक्का. येऊ नको म्हणाला."

तिला ऐकू गेलं होतं. मशीन कानात होतं, मी तिच्या कानाशीच बोलले होते. तरी तिनं पिशवीत हात घातला, नातीनं शिकवला होता तसा मोबाईलचा दिवा लावला आणि भर थेटरात माझ्या तोंडावर धरला. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. नातीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आता म्हण," आक्का म्हणाली.

त्या उजेडात डोळे मिटून, आवाज न काढता, ओठ सावकाश आणि नीट हलवत, म्हातारा जे म्हणाला होता तेच मी तिला सांगितलं.