कापूस होऊन आलेले व्याही

सन १९२८. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि जळगावच्या एका जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकावर मुकादम होतो. शहाणे मी पुष्कळ पाहिले, वेडे त्याहून जास्त पाहिले; पण कामाचं दुखणं शोधायला स्वतः कापूस होऊन गाडीत पडलेला माणूस साऱ्या खानदेशात एकच झाला, आणि तो आमच्या शेठजींचा व्याही होता. राहणारे सोनगीरचे. शेठजींची लेक त्यांच्या घरात दिलेली. लेकीच्या सासऱ्याला शेठजी नाही म्हणू शकत नव्हते, आणि हे व्याहीबुवांना पक्कं ठाऊक होतं.

कुठलीही गोष्ट वाट बघत थांबलेली त्यांना खपत नसे. कोटाच्या खिशात कायम खडू. माणूस, बैल, टोपली, काय थांबलेलं दिसेल त्याच्याभोवती वाकून गोल काढायचे आणि विचारायचे, "हे इथं का अडलं?" मुलाच्या लग्नात म्हणे पंगतीत वरण यायला उशीर झाला, तर हे वरबाप असून पाटावरून उठले आणि चुलाण्यापाशी जाऊन आचाऱ्याच्या मागेमागे फिरू लागले. निघालं एवढंच, की सगळ्या वाढप्यांत पळी एकच होती. दुसरी पळी मिळवून ते मंडपात परतले, तोवर व्याही रुसून उठले म्हणून शेठजींच्या घरच्या बायकांनी रडायला सुरुवात केली होती.

त्या हंगामात आमच्या जिनाचं लक्षण ठीक नव्हतं. कापसाच्या गाड्या आमच्या दारावरून पुढे जात आणि रस्त्याच्या टोकाच्या जिनात वळत. यंत्रं तशीच, भाव तोच, मग गाड्या का पळतात हे कुणाला सांगता येईना. शेठजींनी व्याह्यांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की दुखणं जिथं निघेल तिथला माणूस बदलायचा. मी मिशीला पीळ दिला, पण त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी जिनभर गोल काढले. दुपारी शेठजी गादीवर जरा लवंडले होते आणि वजनकाट्यावरचा माणूस भाव विचारायला त्यांच्या जागं होण्याची वाट बघत होता. व्याहीबुवांनी काट्यावरच्या माणसाला सोडून शेठजींच्या गादीभोवतीच गोल काढला. शेठजी उठले, गोल पाहिला. तो पुसायला मला लावलं.

दुसऱ्या दिवशी ते पहाटेच गावाबाहेर गेले, आणि उन्हं चढल्यावर एका शेतकऱ्याच्या गाडीत गळ्यापर्यंत कापसात पुरलेले असे फाटकाशी आले. आमच्या जिनाची रीत थोरल्या शेठजींपासूनची. भरली गाडी पुढच्या फाटकातून आत जाणार आणि रिकामी त्याच फाटकातून बाहेर येणार. मागच्या फाटकाला कुलूप, किल्ली माझ्या करगोट्याला. लक्ष्मी आली त्या घराच्या मागच्या दारानं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं थोरले शेठजी सांगून गेलेले. तेव्हा आतल्या रिकाम्या गाड्या निघेपर्यंत भरल्या गाड्या उन्हात उभ्या राहत, तशी व्याहीबुवांचीही राहिली. मी त्यांना म्हटलं, उतरा, चहा घ्या.

"कापूस चहा पितो का?" म्हणाले, आणि तसेच पडून राहिले.

मागचा गाडीवान माझ्या कानाशी आला. "भाऊ, हाऊ मानूस शे का कापूस शे?"

"शेठजीना व्याही शे. चूप ऱ्हाय," मी म्हटलं.

आत गेल्यावर त्यांनी काट्यावर कापसाबरोबर स्वतःला तोलवून घेतलं, ढिगावर स्वतःला ओतवून घेतलं, आणि मिशीला कापूस लागलेले, शिंकत बाहेर आले. सगळ्यांना अंगणात बोलावलं. खडू काढला आणि सरळ माझ्या पायांभोवती गोल ओढला.

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मुकादमी घ्यायची तर घ्या, पण माझ्या हातानं मागच्या दारातून लक्ष्मी बाहेर जाणार नाही. किल्ली देताना मला तेवढंच सांगितलं होतं.

व्याहीबुवांनी कानातला कापूस काढला, शांतपणे चिमटीत चोळला. "नको जाऊ देऊ. पण मुकादम, ती मागच्या दारानं आत आली तर चालेल का?"

मी विचार केला. येण्याबद्दल थोरले शेठजी काही बोलले नव्हते. "यायला कुणाची ना नाही," मी म्हटलं.

"मग भरल्या गाड्या मागून घे, रिकाम्या पुढून सोड."

शेठजी म्हणाले, माणूस बदलायचं ठरलं होतं. व्याहीबुवा धोतराच्या सोग्यानं माझा गोल पुसायला लागले होते. "हा कशाला बदलता? सांगितल्या जागेवरून हलत नाही, असा माणूस फाटकावर कुठं मिळतो? किल्ली त्याच्याकडेच राहू द्या."

गाड्या पुन्हा वळल्या. लोक म्हणतात व्याहीबुवांनी जिन वाचवला. वाचवला असेल, पण फाटक मी उघडलं. पुढे दर हंगामात ते यायचे आणि मला डिवचायचे, "मुकादम, एकदा कापूस होऊन बघ." मी म्हणायचो, मुकादमाला कापूस व्हायची काय गरज पडली?

एका हंगामात ते आले नाहीत. शेठजींची लेक आली, पांढरीफटक; मामंजी गेले, म्हणाली. वैद्य नाडी धरून बसले होते तेव्हा त्यांनाही मामंजींनी विचारलं म्हणे, "कुठं अडलं, तेवढं सांगा." ते ऐकून शेठजी हसले आणि मग उपरण्यात तोंड घालून बसले. मी फाटकावर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली काट्यावरच्या माणसाच्या हातात दिली, गावाबाहेर चालत गेलो आणि पहिली भरली गाडी दिसली तिला हात केला. शेतकऱ्यानं विचारलं, ताप आला का? मी म्हटलं, हाक तू. वर चढलो आणि कापसात उताणा पडलो. आभाळ तेवढं दिसत होतं आणि घुंगरं ऐकू येत होती. आता फाटक येईल, आता थांबावं लागेल, म्हणून मी अंग आवळून होतो. मागच्या फाटकाची कमान डोक्यावरून मागे गेली. गाडी थांबली नाही.