खुर्चीशेजारची खुर्ची

आमच्या कुलसचिवांच्या दालनात एक गुबगुबीत फिरती खुर्ची होती आणि ती चार वर्षं रिकामी होती. कुलसचिवांचं काम मात्र रोज चालायचं. ते चालायचं शेजारच्या एका लाकडी खुर्चीवरून, जिला हात नव्हते आणि जिचा एक पाय आखूड होता. त्या खुर्चीवर आमचे प्रभारी सर चपला खाली काढून, चक्क मांडी घालून बसायचे आणि मांडीवर फाईल घेऊन सह्या करायचे. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "सर, ती खुर्ची आता तुमचीच आहे की!" तर म्हणाले, "माझी कशी? मी प्रभारी. ती कायम माणसाची. उद्या तो आला आणि त्याला खुर्ची गरम लागली म्हणजे?"

मी तेव्हा त्या दालनाबाहेर टंकलेखिका होते. पेठ वडगावहून सकाळच्या एसटीने उभी येत असे, त्यामुळे बसायला मिळालं तर कोण बसणार नाही, हे मला कळतच नसे. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. ऑफिसात कॉम्प्युटर आला होता, पण त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर घालून, हळदकुंकू लावून ठेवला होता. कामं सगळी माझ्या टाइपरायटरवर.

सर मूळचे राधानगरीकडचे, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. भाताच्या खाचरातल्या खेकड्यांवर त्यांनी पीएच.डी. केली होती. गावाकडची माणसं प्रेमानं पिशवी भरून खेकडे आणून द्यायची आणि सर ते संध्याकाळी ओढ्यात सोडून यायचे. "ज्यानं आपल्याला डॉक्टर केलं त्याचा रस्सा करायचा व्हय?" असं त्यांचं म्हणणं. आमचे शिपाई दत्तूमामा या वाक्याला दर वेळी कळवळायचे, कारण रश्शाचा तोंडात आलेला घास ओढ्यात चाललेला त्यांना दिसत असे.

असा हा खेकड्यांचा माणूस प्रशासनात आला कसा? तर त्यांच्या विभागाच्या संग्रहालयाचं छप्पर गळत होतं. बरण्यांतले बेडूक पुन्हा पोहायला लागतील इतकं. सर कुलगुरूंकडे गेले, नेमके त्याच दिवशी आधीचे कुलसचिव नोकरी सोडून गेले होते. कुलगुरू म्हणाले, "तुम्ही आठ दिवस बघता का?" सर नंतर सांगायचे, "गेलतो ताडपत्री मागायला, आलो चार्ज घेऊन." त्या आठ दिवसांची चार वर्षं झाली. आणि ताडपत्री? तो अर्ज सरांच्याच टेबलावर आला आणि तीन दरपत्रकं जोडली नाहीत म्हणून सरांनीच तो परत पाठवला!

त्या चार वर्षांत दोन कुलगुरू झाले. पहिले भूगोलाचे. त्यांनी वारा कुठून येतो ते बघून सगळे विभाग इकडचे तिकडे हलवले. पोरं महिनाभर फी भरायला ग्रंथालयात जात होती. दुसरे रसायनशास्त्राचे. ते चहाचा कप आधी उजेडात धरायचे, मग लांबून हुंगायचे आणि मगच प्यायचे. कँटीनवाला घाबरून अर्धा झाला होता. "माणूस कुलगुरू झाला तरी विषय सुटत न्हाय, बाई," सर म्हणायचे. मी विचारलं, "आणि तुमचा?" तर म्हणाले, "माझा बरा हाय. खेकडा तिरका चालतो, पण पोचतो."

पुढे परीक्षा नियंत्रक निवृत्त झाले आणि तोही चार्ज सरांकडे आला. प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख तर ते होतेच. मग काय विचारता! सकाळी कुलसचिव, दुपारी परीक्षा नियंत्रक, चारनंतर विभागप्रमुख. दत्तूमामा ती लाकडी खुर्ची डोक्यावर घेऊन पुढे आणि सर मागे, अशी वरात रोज निघायची. कुणी वाटेत सही मागितली तर सर म्हणायचे, "आता मी कुणीच न्हाय. खुर्ची टेकू दे."

खरी गंमत पत्रांची. सकाळी सर मला कुलसचिव म्हणून पत्र सांगायचे, "निकालास विलंब का झाला याचा खुलासा परीक्षा नियंत्रकांनी तीन दिवसांत करावा." दुपारी परीक्षा भवनात तेच पत्र फोडून वाचायचे आणि लालबुंद व्हायचे. "या रजिस्ट्रारला लई मस्ती आलीय! उत्तरपत्रिका तपासायला माणसं कोण देणार, ह्याचा बाप?" मग कडक उत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उत्तर वाचून पुन्हा लालबुंद. मी एकदा म्हटलं, "सर, पत्र कशाला? मनातल्या मनात विचारा की." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी पेपर फोडायला सांगितला होता. एकदा तर भांडण इतकं पेटलं, की सर दोन दिवस परीक्षा भवनाकडे फिरकलेच नाहीत. शेवटी दत्तूमामांनी मध्यस्थी केली. "दोघांसाठी एकच चहा आणतो, मिटवून टाका," म्हणाले.

पण त्या रिकाम्या खुर्चीचा उपयोग मला कळला तो एका शेतकऱ्यामुळे. त्याचा मुलगा परीक्षेला बसला होता आणि निकालात गैरहजर लागला होता. चार टेबलं फिरून माणूस रडकुंडीला आला होता. सरांनी कागद बघितले, मग त्या गुबगुबीत खुर्चीकडे वळून अदबीनं विचारलं, "साहेब, काय करूया?" थोडं थांबले, मान हलवली. "साहेब हो म्हणतात. आजच्या आज दुरुस्त करून द्या." तो बिचारा सरांच्या पाया पडायला लागला तर दत्तूमामा म्हणाले, "पावणं, तिकडं नमस्कार करा, साहेब तिकडं हाईत." आणि त्यानं मनोभावे रिकाम्या खुर्चीला हात जोडले! तो गेल्यावर मी पदर तोंडात कोंबून हसले. सर मात्र गंभीर. "हसू नका. स्वतःच्या अधिकारात माणूस वाट्टेल ते बोलतो. खुर्चीला विचारायचं म्हटलं की जरा जपून बोलतो."

साहेब नाहीही म्हणायचे. एक वजनदार गृहस्थ भाच्याच्या प्रवेशासाठी आले होते, बरोबर चार माणसं आणि आवाज दहा माणसांचा. सरांनी खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब नाही म्हणतात." "कोण साहेब? कुठायत?" "बसलेत की तुमच्यासमोर." गृहस्थ खुर्चीकडे बघत बघत उलट पावली बाहेर गेले ते पुन्हा आले नाहीत.

अखेर कायम कुलसचिवाच्या जागेची जाहिरात निघाली. आम्हा सगळ्यांना वाटायचं, जागा सरांनाच मिळावी. सरांनाही वाटायचं. बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात एकदा मी दालनात शिरले तर सर त्या गुबगुबीत खुर्चीची गादी बोटानं दाबून बघत होते. मला बघून म्हणाले, "लई मऊ हाय. झोप येईल." त्यांचा अर्ज मी टाइप केला, जीव ओतून, एकही खाडाखोड नाही. त्यावर तीन सह्या हव्या होत्या. अर्जदाराची, विभागप्रमुखाची आणि पुढे पाठवणाऱ्या कुलसचिवाची. तिन्ही त्यांच्याच.

दोन तिथंच केल्या. तिसरी विभागप्रमुखाची, ती म्हणे विभागप्रमुखाच्याच टेबलावर व्हायला हवी. निघाली वरात! तिथं पोचतात तर एक खेकडा टबातून निसटून कपाटाखाली गेलेला. अख्खा विभाग जमिनीवर पालथा. सरही पालथे झाले. अर्ध्या तासानं खेकडा सापडला, सरांनी घाम पुसला, आनंदाच्या भरात अर्ज पाकिटात घातला आणि दत्तूमामांच्या हातात दिला. शनिवारी पाच वाजता मुदत संपली.

सोमवारी कुलसचिव म्हणून अर्जांची छाननी सरांनीच करायची होती. तिसरंच पाकीट त्यांचं. उघडलं, वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. विभागप्रमुखाची सही नव्हती.

"मग करा की सर!" मी म्हटलं. "पेन हातातच हाय."

"मुदत संपली."

"अहो, कुणाला कळणार हाय?"

"तिघांना," सर म्हणाले. "अर्जदाराला, विभागप्रमुखाला आणि रजिस्ट्रारला."

मी भांडले. खरंच भांडले, आवाज चढवून. दत्तूमामा पेन घेऊन त्यांच्या मागे उभे राहिले. सरांनी एकदा खुर्चीकडे बघितलं. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. मला म्हणाले, "घ्या पत्र. आपला अर्ज अपूर्ण असल्याने विचारात घेता येत नाही. खेद आहे." ते पत्र मी रडत टाइप केलं आणि मेलीनं त्यातही एकही खाडाखोड केली नाही. चार वाजता विभागात जाऊन सरांनी ते पत्र फोडलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर हाय रजिस्ट्रारचं." चार वर्षांत पहिल्यांदाच रजिस्ट्रारचं पत्र त्यांना पटलं होतं.

नवे कुलसचिव आले, त्यांनी आल्या आल्या नवी खुर्ची मागवली. जुनी गुबगुबीत खुर्ची गडगडत सहायक कुलसचिवांच्या खोलीत गेली. लाकडी खुर्ची प्राणिशास्त्रात परतली आणि काही वर्षांनी सर निवृत्त होऊन राधानगरीला गेले. तिथंच वारले, तेही भर पावसाळ्यात. रस्ता पाण्याखाली होता, आमच्यापैकी कुणालाच पोचता आलं नाही. ती चुटपुट अजून आहे.

एकेक बढती घेत मीही वर सरकले होते, पुढच्याच वर्षी माझ्या हातात आदेश पडला, प्रभारी सहायक कुलसचिव. खोलीत गेले, समोर तीच गुबगुबीत खुर्ची. एसटीत उभं राहून पाय मोडले होते, पण बसवेना. दत्तूमामा निवृत्तीला आले होते. गेले आणि प्राणिशास्त्रातून ती तीन पायांची, म्हणजे साडेतीन पायांची खुर्ची डोक्यावर घेऊन आले.

त्याच आठवड्यात एक बाई आल्या. मुलीच्या प्रमाणपत्रावर नाव चुकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तिला नोकरीवर हजर व्हायचं होतं. नियमानं दुरुस्तीला पंधरा दिवस लागतात. मी कागद तपासले. सगळे होते, सह्यांसकट. सह्या मी आता दोनदा मोजते. मग मान वळवून विचारलं, "साहेब, काय करूया?"

त्या बाईंना काय दिसलं कोण जाणे. मला दिसलं. त्या मऊ खुर्चीत सर बसले होते, पहिल्यांदाच. मांडी घालून.

"साहेब हो म्हणतात," मी म्हटलं.