लाल ठिपक्यांची तेरा पुस्तकं

गुरुवारी सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी मर्ना टोनकिन दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवत होती. वायरिंगच्या नियमांच्या चालू आवृत्तीत काही बदल झाले होते. ते छापील कागदावर आले होते, आणि ग्रंथालयात त्या पुस्तकाच्या सहा प्रती होत्या. प्रत्येक बदल कात्रीने कापायचा आणि त्या त्या कलमावर बसवायचा. गोंद ती फक्त डाव्या कडेला लावायची, म्हणजे पट्टी उचलली की खालचा जुना मजकूर वाचता येई. जुना नियम दिसला पाहिजे, फक्त लागू व्हायला नको, असं ती पूर्वी विद्यार्थ्यांना सांगत असे. आता विचारायला कुणी येत नव्हतं. विद्यार्थी फोनवर शोध घेत आणि त्यांना बदललेलं कलम आपोआप दिसे.

ती पोर्ट ऑगस्टाच्या तंत्रशाळेची ग्रंथपाल होती. वय एकसष्ट, नोकरी सत्तावीस वर्षांची. आयुष्यात तिने साधा प्लगही जोडला नव्हता. पण न्हाणीघरातला सॉकेट पाण्यापासून किती लांब हवा, हे कोणत्या आवृत्तीत कोणत्या कलमात आहे ते ती पुस्तक न उघडता सांगू शकत होती. वीजकेंद्र चालू होतं तेव्हा हे ज्ञान उपयोगाचं होतं. संध्याकाळच्या वर्गांना खुर्च्या पुरत नसत. केंद्र बंद झालं, चिमणी पाडली, वायरमन मंडळी खाणींकडे निघून गेली. वर्ग आता वर्षातून दोन भरत आणि ते दुसऱ्या इमारतीत.

साडेआठला तिने पुढचं दार उघडलं. दाराशी कुणी नव्हतं. टेबलावर ॲडलेडच्या मुख्य कार्यालयाची यादी पडली होती. बारा महिन्यांत एकदाही बाहेर न गेलेली चारशे बारा पुस्तकं शुक्रवारी सकाळी रद्दीत निघणार होती. त्यांतल्या तीनशे नव्व्याण्णवांबद्दल मर्नाची काही तक्रार नव्हती. व्हॉल्व्हच्या जुन्या टीव्हीची दुरुस्ती, बंद पडलेल्या कारखान्यांच्या मोटारी, तीन प्रकारची एकच गणितं. ती तिने स्वतःच खोक्यांत भरली होती, आणि भरताना एकही उघडून पाहिलं नव्हतं.

उरली तेरा. वायरिंगच्या नियमांच्या तेरा जुन्या आवृत्त्या, सगळ्यात जुनी कोटाच्या खिशात मावेल एवढी. ही पुस्तकं शिकण्यासाठी नव्हती. जुन्या वस्तीत एखादा वायरमन भिंत उघडतो, आत लोखंडी नळीतली काळी रबरी वायर सापडते, आणि प्रश्न येतो की हे काम तेव्हाच्या नियमांत बसत होतं का. बसत असेल आणि धोक्याचं नसेल, तर तसंच ठेवता येतं. नसेल तर घर उकरायचं. हे ठरवायला त्या काळचं पुस्तक लागतं, आणि ऑनलाइन फक्त चालू आवृत्ती होती.

ही पुस्तकं बाहेर न जाण्याचं कारण मर्ना स्वतः होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक आवृत्ती बाहेर गेली आणि नऊ महिन्यांनी परत आली ती तेलाचे डाग घेऊन. अर्थिंगचं प्रकरण गायब. तेव्हा तिने सगळ्या जुन्या आवृत्त्यांच्या पाठीवर लाल ठिपके चिकटवले, आणि पुढे जी आवृत्ती जुनी होई तिच्यावरही. लाल ठिपका म्हणजे पुस्तक इथेच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. तेव्हापासून त्यांचं पान फाटलं नाही. पण संगणक मोजतो ते बाहेर गेलेलं पुस्तक. उभ्याने वाचलेलं तो मोजत नाही.

ही तेरा ठेवू द्या म्हणून तिने मुख्य कार्यालयाला दोनदा मेल लिहिली. सोमवारी कर्स्टीचा फोन आला. कर्स्टी ॲडलेडच्या कार्यालयात ग्रंथालयं सांभाळायची, वयाने मर्नाच्या निम्मी, वाईट नव्हती. तिने समजावून सांगितलं की अपवाद एकाला केला की बाकीच्या अकरा शाळा रांगेत उभ्या राहतील. मर्नाने विचारलं की मग मी ती तेरा घरी नेऊ का. तेही चालणार नव्हतं. रद्द झालेले सुरक्षेचे नियम लोकांच्या हातात जाऊ नयेत म्हणून लगदाच करायचा, असा नियम होता, आणि मर्नाला तो योग्यच वाटत होता. तिनेही तो तसाच लिहिला असता.

"हे बघ मर्ना," कर्स्टी म्हणाली, "एकदा जरी बाहेर गेलेलं असेल ना, तर यादीतून आपोआप सुटतं. निदान वर्षभर. पण तुझ्याकडे तर शून्य आहे. सगळ्यांपुढे शून्य."

हे ती सूचना म्हणून बोलली की नुसतीच माहिती म्हणून, ते मर्नाला कळलं नाही. कळायला तीन दिवस लागले.

गुरुवारी नऊ वाजता तिने केसांचा ड्रायर आणला आणि तेराही ठिपके गरम वाऱ्यावर सोडवले. खालची पाठ मूळ रंगाची होती, बाजूची उन्हाने विटलेली. प्रत्येक पुस्तकावर एक गडद वर्तुळ राहिलं.

तिच्या स्वतःच्या कार्डावर दहा पुस्तकं निघत. ती तिने काढली. सत्तावीस वर्षांत त्या कार्डावर एकही पुस्तक निघालेलं नव्हतं. तिने ते आधी चालू करून घेतलं. मग ती तीन पुस्तकं समोर ठेवून बसली. आणखी एका माणसाचं कार्ड हवं होतं. शिक्षक दोन होते. एक रजेवर, दुसरा गेल्या महिन्यात बदली होऊन आलेला, त्याचं आडनावही तिला माहीत नव्हतं. सफाईवाली बाई पहाटे येऊन जायची. फोनमध्ये नावं होती, पण खाली सरकवत गेलं की दातांचा दवाखाना, नळदुरुस्ती, आणि बहिणीचा टास्मानियातला नंबर, जो चार वर्षांपूर्वी बंद झाला होता. तिने फोन पालथा ठेवला.

साडेदहाला डर्क आला.

डर्क होफस्ट्रा सत्तर वर्षांचा वायरमन, जुनी घरं करणारा. एकोणीस वर्षं दर गुरुवारी साडेदहाला यायचा. आधी हात धुऊन यायचा, मग कपाटापाशी उभ्याने वाचायचा आणि केबलच्या खोक्याच्या फाडलेल्या पुठ्ठ्यावर आकडे लिहून घ्यायचा. बसत नसे. पॅन्टला चुना असतो, खुर्ची खराब होईल, म्हणे. मर्नाशी त्याचं बोलणं हवेपुरतं. पण तो कोणतं पुस्तक काढतो यावरून तो सध्या कुठल्या गल्लीत काम करतोय हे तिला कळायचं. त्याच्याबद्दल तिला एवढीच माहिती होती, आणि इतर कुणाबद्दल याहून कमीच होती.

आज कपाट रिकामं पाहून तो थबकला.

"काय मास्तरीण, दरोडा पडला की काय?"

मर्नाने सांगितलं. यादी, लाल ठिपके, दहा पुस्तकं, सगळं क्रमाने. तो ऐकत राहिला. शेवटी ती म्हणाली की तुझ्या नावाने दोन निघू शकतात, गावातल्या माणसाला दोन मिळतात, पण त्यासाठी सभासद व्हावं लागेल. हे वाक्य तिने साडेनऊपासून मनात तीनदा रचलं होतं.

"म्हणजे इतकी वर्षं मला घरी नेता आली असती?" डर्क म्हणाला.

"नाही. ठिपका होता ना."

"आणि ठिपका लावला कुणी?"

"मी."

"वा," तो म्हणाला. "सरकारी अक्कल म्हणतात ती हीच."

तिने खण उघडला. फॉर्म पुढे सरकवला. नाव, जन्मतारीख. पत्ता म्हणून त्याने कॅरव्हॅन पार्कमधल्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीतल्या, जागेचा नंबर लिहिला. मग पेन थांबलं. अडचणीच्या वेळी संपर्क करायची व्यक्ती.

"हे रिकामं ठेव."

"संगणक घेत नाही रिकामं."

"मग सांग त्याला, माझं कुणी नाही. त्याचं तरी कोण आहे?"

मर्ना संगणकाकडेच बघत होती. डर्कने पेनच्या टोकाने टेबलावर दोनदा टकटक केलं.

"तुझ्या कागदावर कोणाचं नाव आहे?" त्याने विचारलं.

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. "दातांचा दवाखाना," ती म्हणाली. "तिथली फोनवरची बाई चांगली आहे."

डर्क हसला. हसताना त्याने तोंडावर हात धरला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की समोरचे दात नाहीत.

"मग माझाही तोच लिही. माझ्याकडे दात नाहीत, पण दवाखान्याला काय कळतंय."

तिने नंबर पाठ म्हणून दाखवला, त्याने लिहून घेतला. संगणकाने तो निमूटपणे स्वीकारला. अर्ज मंजूर व्हायला एक मिनिटही लागलं नाही.

आता तीन पुस्तकं टेबलावर होती आणि निघणार होती दोन. मर्नाने ती ओळीत मांडली. पन्नाशीच्या दशकातलं एक, साठीच्या दशकातलं एक, आणि नव्वदीतलं एक, जाडजूड, पट्ट्या चिकटवून फुगलेलं. कोणतं सोडायचं ते तूच सांग, ती म्हणाली, वापरणारा तू आहेस.

डर्कने फार विचार केला नाही. जुन्या वस्तीतली बहुतेक घरं पहिल्या दोन काळातली होती. त्याने नव्वदीच्या पुस्तकावर बोट ठेवलं. "हे जाऊ दे. प्रत्येक व्हॅनमध्ये सीटखाली एक पडलेलं असतं. शिवाय बघ ना, कुणीतरी पट्ट्याच पट्ट्या डकवल्यात. मूळ पान शोधायलाच अर्धा तास."

पट्ट्या शहाण्णव होत्या. त्या तिने या गावातल्या पहिल्या हिवाळ्यात डकवल्या होत्या, जेव्हा ती कुणालाच ओळखत नव्हती आणि शनिवारीसुद्धा किल्ली मागून घेऊन इथे येत असे. डाव्या कडेला गोंद लावायची रीत तिला त्याच पुस्तकात सापडली, साधारण विसाव्या पट्टीनंतर. पहिल्या एकोणीस पूर्ण चिकटलेल्या होत्या. हे तिने डर्कला सांगितलं नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं. दुर्मीळ नसलेलं पुस्तक आधी जातं, आणि तिनेही तसंच केलं असतं. तिने ते उचलून खोक्यांच्या ढिगावर ठेवलं.

उरलेल्या दोन पुस्तकांवर तिने तारखेचा शिक्का मारला. एकवीस दिवस. सभासदाला नियम सांगणं बंधनकारक होतं, म्हणून तिने सांगितले. पानांवर लिहायचं नाही. पाऊस असेल तर पिशवीत न्यायचं. मुदत फोनवरून वाढवता येते, यायची गरज नाही.

"किती वेळा?"

"दुसऱ्या कुणी मागितलं नाही तर कितीही."

"आणि दुसरं कोण मागणार," डर्क म्हणाला. "बरं झालं. दर गुरुवारी पेट्रोल जाळत यायला नको. भिंत उघडली, तिथेच पुस्तक उघडलं."

त्याने दोन्ही पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळली, काखेत घेतली. दारात थांबून म्हणाला की ठिपक्याच्या जागी हे गोल राहिलंय ते छान दिसतंय, बंदुकीने नेम धरायला. मग गेला. अकराला पाच कमी होते. एरवी तो सव्वाअकरापर्यंत थांबायचा.

दुपारी तिने डब्यातली मांस-बटाटा भरलेली पेस्टी टेबलावरच खाल्ली. दिवसभरात आणखी दोघं आले. एकाला प्रिंटर हवा होता, दुसऱ्याला स्वच्छतागृह. चार वाजता तिने कर्स्टीला मेल पाठवली की यादीतली बारा पुस्तकं आज बाहेर गेली असून चारशे खोक्यांत तयार आहेत. कर्स्टीचं उत्तर सहा मिनिटांत आलं. एक हसरा चेहरा, आणि खाली लिहिलेलं, "शाब्बास." मर्नाने ते वाचून मेल बंद केली.

आपली दहा पुस्तकं तिने बाजाराच्या दोन पिशव्यांत भरली. सोमवारी ती परत आणायची, कपाटात लावायची, पुढच्या वर्षी याच आठवड्यात पुन्हा न्यायची. डायरीत तिने पुढच्या वर्षीची तारीख लिहिली. पुढच्या गुरुवारच्या पानावर आधीपासून एक नोंद होती, साडेदहाची, नाव नसलेली. ती दर गुरुवारी असायची, वर्षाच्या सुरुवातीलाच तिने सगळ्या पानांवर करून ठेवलेली. ती खोडावी का यावर तिने थोडा विचार केला आणि पान उलटलं.

पाच वाजता तिने दिवे घालवले, मागच्या दाराशी खोकी भिंतीला लावून ठेवली, फुगलेलं पुस्तक सगळ्यात वर. रद्दीची गाडी दर शुक्रवारी सकाळी सव्वासातला येते; मागच्या दाराची किल्ली फक्त मर्नाकडे असते, ते तिलाच उघडावं लागतं.