आज कुणासाठी मागू?

नारपोलीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाई रोज ड्युटीवरून परतताना आईच्या पाठीची जखम बांधून देतात. मग गळ्यातला क्रूस मुठीत धरून विचारतात, "नाव सांगा ताई, येशूकडे आज कुणासाठी मागू?" मी भावाचं सांगते, माझा गुडघा सांगते, एकदा तर नळाला पाणी येत नव्हतं तेही सांगितलं. त्या डोळे मिटून सगळं मागतात.

काल मी म्हटलं, "उद्या जरा लवकर या."

आज त्या लवकर आल्या. त्या आत हात धूत असताना आई म्हणाली, "अगं, आठवडा झाला, तिचा नवरा आयसीयूत आहे. तू कधी विचारलंस?"

पट्टी बांधून झाली. त्यांनी क्रूस मुठीत धरला. "नाव सांगा ताई."

इतकी वर्षं आम्ही एकाच जिन्याने ये-जा करतोय, आणि मला त्यांच्या नवऱ्याचं नाव माहीत नव्हतं.