नर्सबाईंनी चाचपलेली गाठ

गाड्यांच्या सीटला कव्हरं शिवणाऱ्या त्या बाईचा राग भडकून विझणारा नव्हता. मंद आचेवर ठेवावा तसा तो तिने वर्षभर जपला होता, आणि तो होता एकाच माणसावर, तिच्या थोरल्या नणंदेवर.

नणंद प्रसूतिगृहातली निवृत्त नर्स. भावाकडे राहायला आली आणि गल्लीने तिला नर्सबाई करून टाकलं. कुणाचा गुडघा, कुणाची खरूज, कुणाच्या सुनेचे चुकलेले दिवस, सगळं दाराशी यायचं. नर्सबाई चष्मा कपाळावर चढवून हात लावायच्या आणि तिथल्या तिथे निकाल द्यायच्या. त्यांच्या शब्दापुढे जायची कुणाची टाप नव्हती.

कव्हरवालीच्या डाव्या छातीत, कातडीखाली, पेसमेकर होता, हृदयाचे ठोके सांभाळणारं मशीन. त्याच्याच खाली एकदा अंघोळ करताना तिच्या बोटाला काहीतरी कडक लागलं. नवरा ट्रक घेऊन परगावी. ती नणंदेकडे गेली. नर्सबाईंनी चाचपलं आणि मान डोलावली.

“अगं, मशीनची वायर आहे ती. जरा सरकलीय. सारखी चाचपत बसू नकोस, निसटली तर हार्ट बंद पडेल.”

झालं. त्या धास्तीने बाईने त्या जागेला बोटसुद्धा लावलं नाही. अंघोळीला साबणही तिथून वळसा घालून जायचा. मशीनच्या तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ही गाठ कधीपासूनची? तोवर बरेच महिने उलटले होते.

गाठ काढली. पुढे रेडिएशन द्यायचं, तर मशीन नेमकं किरणांच्या वाटेत. ते बिघडलं तर ठोके चुकणार. म्हणून आधी ते काढून उजवीकडे बसवावं लागलं. पुन्हा चिरा, पुन्हा टाके, आणि तेही कात्री चालवायच्या हाताच्या बाजूला. जाड रेक्झिन सरसर कापणारी बाई, तिला चहाचं पातेलं उचलायची चोरी झाली.

“लवकर आला असतात तर बरं झालं असतं,” डॉक्टर म्हणाले.

“मी तिला सारखी सांगत होते, दाखवून घे म्हणून,” शेजारी उभी असलेली नणंद बोलली.

कव्हरवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण रोज हॉस्पिटलात सोबत यायला दुसरं कुणी नव्हतं, आणि सोबतीला माणूस असल्याशिवाय तिथे अशा पेशंटला आत घेत नसत. आधी काम होऊ दे, तिने ठरवलं. शेवटचं रेडिएशन झालं की अख्ख्या गल्लीसमोर हिचं सोंग उतरवते.

मग रोजची ये-जा सुरू झाली. थंडगार खोलीत, टेबलावर ती एकटी. डावा हात डोक्यामागे, बोटाला क्लिप, हलायचं नाही. बाहेर स्क्रीनवर तिचे ठोके बघणारी टेक्निशियन स्पीकरवरून म्हणायची, “छान चाललंय, काकू.” काकू मनातल्या मनात भाषण पाठ करत असायच्या. ‘बायांनो, या नर्सबाईंना विचारा, वायर आणि गाठ यांत फरक काय.’ छे, हे मिळमिळीत झालं. ‘हिच्या हाताखाली किती बाळंतिणी गेल्या देव जाणे.’ हे बरं. डोक्यावर मशीन घरघरायचं आणि तिला चक्क मजा यायची. मरणाची भीती होतीच. पण हे बोलल्याशिवाय मरायचं नाही, या हट्टावर ती तगून होती. बाहेर बाकावर नर्सबाई इतर पेशंटना सांगत असायच्या, “हिची गाठ मीच पकडली.”

शेवटच्या दिवशी परतताना टॅक्सीत नणंदेने एकदम तिचा हात धरला.

“तू कधी बोलणार आहेस?”

“काय?”

“मी वायर म्हणाले ते. रोज वाटतं, आज बोलेल. डोळ्याला डोळा लागत नाही माझा. एकदा सगळ्यांसमोर काय वाटेल ते बोल मला. म्हणजे मी सुटेन तरी.”

कव्हरवालीने हात सोडवून घेतला. घोकून घोकून धार लावलेलं एकेक वाक्य जिभेवर तयार होतं, आणि ही बया तेच मागत होती. तेही स्वतःची सुटका व्हावी म्हणून. तिच्या आतला सगळा राग थंड, घट्ट झाला.

दारात बायका जमल्याच होत्या. लाँड्रीवालीने विचारलं, “कसं झालं?” नणंद मान खाली घालून उभी राहिली.

“झालं एकदाचं,” कव्हरवाली म्हणाली. तिने नणंदेच्या खांद्यावर अगदी मायेने हात ठेवला. “मी आज उभी आहे ती ताईंमुळे. गाठ लागली तशी मी आधी यांच्याकडेच गेले. यांनी नुसता हात लावला आणि काय ते बरोबर सांगितलं.”

बायका कौतुकाने बघू लागल्या. लाँड्रीवाली पुढे झाली. “नर्सबाई, मग माझ्याही काखेत बघा ना जरा. कधीची दुखतेय.” तिने नणंदेचा हात धरून काखेकडे नेला. नणंदेने तो झटकन मागे घेतला.

“मला नको विचारूस,” नणंद पुटपुटली. “हॉस्पिटलात जा. आजच जा.”

“असं काय करता, ताई,” कव्हरवाली गोड आवाजात म्हणाली. “सांगा की त्यांना, माझी कशी ओळखलीत ते.”