तारांच्या उलट्या बाजूला

टेबलावर सहा नळ्या ओळीने ठेवल्या आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सहाही फुगून फुटल्या होत्या. त्याचं काही नाही, फोडण्यासाठीच तर टेस्ट असते. पण सहाही जणी तारांच्या बरोब्बर उलट्या बाजूला फुटल्या होत्या, जणू आमच्याकडे पाठ करून.

अणुभट्टीचं इंधन अशाच धातूच्या बारीक नळ्यांत भरलेलं असतं. भट्टी बंद केली तरी ते तापत राहतं. थंड ठेवणारं पाणी निघून गेलं की नळी मऊ पडते, फुगते, फुटते. मँचेस्टरजवळच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही इंधनाऐवजी आत हीटर ठेवून हाच अपघात मुद्दाम घडवायचो. तापमान मोजणाऱ्या तारा नळीला बाहेरून वेल्ड केलेल्या, सगळ्या एकाच बाजूला. का, तर वायरिंगला सोपं.

ही पद्धत माझे बॉस विजय देवधर यांची. ऑफिसात ते सगळ्यांचे विजय, मला मात्र विजयराव.

"सही कर गं, शुक्रवारी क्लायंट येतोय. तापमान लिमिटच्या खाली आहे ना?"

"तारेपाशी आहे. पण फुटल्यात कुठे, ते बघा की."

"योगायोग असेल."

"सहा वेळा?"

मी चेकर होते, म्हणजे आकडे तपासून शेवटची सही करणारी. माझ्या सहीनंतर हे आकडे थेट चालू पॉवर स्टेशनच्या हिशोबात जाणार होते, पुढे कुणी काही विचारणार नव्हतं. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

विजयरावांनी एकेक नळी उचलून फिरवून पाहिली. मग हळूच म्हणाले, "सातवी लाव. तारा आतून."

काचेपलीकडे वाफेत नळी लाल होत गेली. आवाज अजिबात नाही. स्क्रीनवरची तापमानाची रेघ नेहमीच्या जागी वळेल म्हणून आम्ही बघत होतो. ती वळलीच नाही, लिमिट ओलांडून चढत राहिली. विजयराव खुर्चीत बसले.

गरम आमटीत ठेवलेला डाव कसा उष्णता ओढून घेतो, तशी बाहेरची तार नळीला तेवढ्यापुरतं थंड करत होती. बाकीची नळी त्याहून तापलेली, आणि तिकडे आमचं लक्षच नव्हतं.

शुक्रवारी विजयरावांनी क्लायंटला स्वतःच सगळं सांगितलं आणि आपले जुने रिपोर्टही मागे घेतले. "सही माझीच आहे ना त्यांच्यावर," म्हणाले. पॉवर स्टेशन किती पॉवरवर चालवायचं, ती लिमिट खाली आली.

धडा छोटासाच आहे. अख्ख्या नळीत सुरक्षित जागा एकच होती, आम्ही मोजत होतो ती. आणि तीसुद्धा आम्ही मोजत होतो म्हणूनच.